शुक्रवारचं लुगडं

मी रोज चार नियम पाळते. सकाळी जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही. देवापुढे दिवा लावल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. दिवसभरात कुणाशी चढ्या आवाजात बोलले असेन तर संध्याकाळी त्याची क्षमा मागायची. माझा आवाज मुळात चढतच नाही, त्यामुळे हा तिसरा नियम मला फुकटात पडतो. आणि चौथा, खोटं बोलायचं नाही.

चौथा नियम मी कधी मोडलेला नाही. फक्त जिथे खरं बोलणं अडचणीचं असतं, तिथे मी इतकं हळू बोलते की समोरच्याला धड ऐकू जात नाही. मग तो आपल्या मनाने हवं ते ऐकतो. त्यात माझा काय दोष? हा प्रश्न मी देवाला पुष्कळदा विचारला आहे. तो माझ्याहून हळू बोलत असावा.

या परदेशातल्या शहरात मी कोट-पँट शिवणाऱ्या दुकानात कापड बेतते. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी तीन बाजूंचा आरसा आणि पडदा, मागच्या खोलीत माझं लांबरुंद टेबल, खडू, वजनं, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. या टेबलापाशी मी सव्वीस वर्षं उभी आहे, आणि सव्वीस वर्षं करड्या पँटमध्ये. रुजू झाले तेव्हा मालकच म्हणाले होते, "आपण जे विकतो ते आपल्या अंगावर दिसलं पाहिजे." मला ते पटलं. पँटमध्ये पाय मोकळे राहतात आणि खिशात खडू राहतो.

एके दिवशी इथल्याच एक बाई मुलीच्या लग्नासाठी कोट शिवायला आल्या होत्या. मी त्यांच्या खांद्याचं माप घेत होते. त्यांनी आरशातून मला विचारलं, "तुमच्या लोकांचा जुना पोशाख कुठला हो?"

"लुगडं," मी म्हटलं. "नऊ वार कापड. न कापता, न शिवता नेसायचं."

"न शिवता! किती सुंदर! आणि तुम्ही नेसता?"

त्या आरशात माणूस तिन्ही बाजूंनी दिसतो. मी तिन्ही बाजूंनी पँटमध्ये होते. खरं म्हणजे 'नाही' म्हणायचं आणि टेप गुंडाळायची. पण त्या बाईंचे डोळे असे चमकले होते की माझ्या तोंडून शब्द गेला, "शुक्रवारी."

झालं. बोलून गेले. आता ते खोटं ठरू द्यायचं नसेल तर शुक्रवारी लुगडं नेसणं भाग होतं. अशी मी परंपरेकडे वळले. पुढे लोकांना मी सांगितलं की आतून हाक आली. हळू आवाजात सांगितलं.

मग मी त्याचा रीतसर संकल्पच करून टाकला: दर शुक्रवारी लुगडं नेसून कामाला जायचं. शुक्रवारी दुकानात ट्रायलची गिऱ्हाइकं येतात आणि गर्दी असते, हा निव्वळ योगायोग.

घरात लुगडं एकच होतं, सासूबाईंचं. त्यांना मी आई म्हणते. एकवीस वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा सहा लुगडी घेऊन आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात जिन्यात शेजारच्यांनी वळून बघितलं आणि घरी आल्यावर मी अगदी मऊपणे म्हटलं, "आई, इथे सगळे बघतात हो. घरात गाऊन बरा, नाही का? आणि बाहेर जाताना लांब कोट." त्या दुसऱ्या दिवशी गाऊनमध्ये बसल्या होत्या. बसताना दोन्ही हातांनी गुडघ्यांवरचं कापड ओढत होत्या, म्हणून मी त्यांना एक लांबीला जास्त असलेला शिवून दिला आणि स्वतःला फार समजूतदार समजले. पाच लुगड्यांची मी पांघरुणं केली. सहावं त्यांनी ट्रंकेत ठेवलं. गडद जांभळं, तांबड्या काठांचं.

मी ते मागितलं तेव्हा आईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांना आता सगळं धुकट दिसतं, तरी बघायचं ते त्या बघतात.

"तू नेसणार? दुकानात?"

"हो."

"आणि लोकांनी बघितलं तर?"

"बघू देत," मी म्हटलं. हे मात्र मोठ्याने म्हटलं.

त्यांनी लुगडं काढलं, नाकाशी धरलं, आणि माझ्या हातात दिलं. "घे. पण बटणच्या लग्नात मला परत हवं. तेवढं एकदा नेसणार आहे मी." बटण म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा बटणाएवढं नाक होतं, तेव्हापासून तिच्या बापाने ठेवलेलं नाव. "ये, शिकवते तुला. आधी कमरेला गाठ—"

"जमतं मला, आई."

"कधी नेसलीस?"

"कापडाचंच काम करते की मी."

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तिथे दहा मिनिटं उभी राहिले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सव्वीस वर्षं लोकांची मापं घेणारी बाई एका म्हातारीकडून कापड गुंडाळायला शिकणार? माझी भक्ती मोठी आहे, पण तेवढी नाही.

पहिल्या शुक्रवारी मी फोनवर बघत बघत नेसले. दीड तास लागला. दुकानात पोचेपर्यंत ठीक होतं. साडेअकराला टेबलाच्या पलीकडच्या टोकाची वजनं उचलायला वाकले आणि मागून कासोटा सुटला. तो सावरायला वळले तर पुढच्या निऱ्या पायाखाली आल्या, आणि मी एका अर्धवट कोटाच्या अंगावर दोन्ही हात पसरून पडले. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, मी कुणाला तरी मिठी मारते आहे.

आमची काजवाली, म्हणजे काज-बटणं करणारी बाई, खुर्चीवरून न उठता म्हणाली, "ताई, संकल्प सुटला बरं का."

पुढच्या शुक्रवारी एकोणीस टाचण्या लावून गेले. दिवसभर ताठ उभी राहिले. मालक म्हणाले, "आज काय रुबाब आहे!" रुबाब कसला, मागे वळले की टोचत होतं. त्या दिवसाचा जप सर्वांत एकाग्र झाला, कारण बसता येत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी लुगडं टेबलावर पसरलं. नुसतं बघायला. माझ्या त्या टेबलावर पसरलेलं कापड आणि माझा हात यांच्यात फार काळ काही राहत नाही. मला दिसलं की कासोटा म्हणजे मागची शिवण. निऱ्या म्हणजे पुढे लावलेली एक पट्टी. पाय दोन आहेत ते आहेतच. मी भिंतीवरून बायकांच्या पँटचा साचा काढला, माझ्याच मापाचा, आणि खडू फिरवला. मला आईंचं 'परत हवं' आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी मनात म्हटलं, बटणचं कुठे एवढ्यात लग्न ठरतंय.

कात्री लावताना मी नामस्मरण करत होते. त्याने काही फरक पडला नाही, कापड सरळ कापलं गेलं.

दोन तासांत काम झालं. कंबरपट्टा, आत दोन हूक, डाव्या बाजूला निऱ्यांत लपलेली चेन, वर जोडलेला पदर. माझ्या हाताखालून गेलेल्या उत्तम पँटींपैकी ती एक होती. कातरण मी नेहमीच्या सवयीने पिशवीत भरून वर चिठ्ठी लावली.

त्यानंतरचे शुक्रवार म्हणजे काय सांगू! पाय घालायचे, चेन ओढायची, पदर खांद्यावर टाकायचा. चार मिनिटं. गिऱ्हाइकं थबकून बघायची. कोटवाल्या बाई आल्या आणि त्यांनी माझे हात हातात घेतले. "न शिवता हे असं राहतं तरी कसं?"

"सवयीने," मी पुटपुटले. चेन ओढायची सवय होतीच.

मालकांनी माझा फोटो काढून दुकानाच्या काचेत लावला. आणि मी, जिचं कुणी कधी दोन वाक्यांपलीकडे ऐकलं नव्हतं, ती मी बोलू लागले. मुळांविषयी. अखंड वस्त्राच्या पावित्र्याविषयी. काजवालीला म्हटलं, "तूही कधी आपलं काही नेसून ये. या जीन्सने माणसाचं चालणंसुद्धा बदलतं."

ती दातांनी दोरा तोडत म्हणाली, "ताई, तुमच्या पावित्र्याची चेन अर्धी उघडी आहे."

मी पडद्यामागे जाऊन ती लावून आले. काजवालीने पुढे कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. एवढं मौन मलाही जमत नाही.

घरी आई दिवाणावरून ऐकत असायच्या. एका शुक्रवारी म्हणाल्या, "इतक्यात नेसून झालं? ऐन उमेदीत मलासुद्धा वेळ लागायचा."

"हं," मी म्हटलं.

"मागून जरा वळ बघू. कासोटा नीट बसलाय?"

"उशीर होतोय, आई."

आणि मग बटण एका रविवारी आली, खुर्चीत उलटी बसली आणि म्हणाली, "आम्ही लग्न करतोय. नोंदणी कचेरीत. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. दहा माणसं, कुणी रडायचं नाही, मी करडा कोट घालणार आहे. आई, तूच बेतायचा."

बटणचे बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून "छान" म्हणाले आणि लगेच डोळे पुसायला लागले.

"शुक्रवार म्हणजे आई लुगड्यात असणार," बटण हसली. "माझ्या मैत्रिणींनी काचेतला फोटो बघितलाय. सगळ्यांना तिच्यासोबत फोटो हवेत."

मी खाली बघून हसले. त्या फोटोंत मी कुठे उभी असेन तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला. "तुझी आई नाही. लुगडं मी नेसणार आहे. तसं ठरलंय आमचं." आणि माझ्याकडे, "ठरलंय ना गं?"

"हो," मी म्हटलं. इतकं हळू की मलाही ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी सगळ्यांना बरोबर ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तसंच दुसरं लुगडं शोधायला लागले. कापडाच्या प्रत्येक व्यापाऱ्याला विचारलं. एकाने जांभळा पडदा दाखवला. एकाने विचारलं, तंबूसाठी हवंय का. देशातून मागवायचं तर दोन महिने.

"सांगून टाका ताई," काजवाली म्हणाली. "तुम्ही तर खोटं बोलत नाही म्हणे."

"बोलले कुठे मी खोटं?"

"हेच. हे असं जे बोलता ना, तेच."

मी यावर धार्मिक तोडगा काढला. सकाळचं मौन जरा लांबवलं. आधी न्याहारीपर्यंत, मग कामावर निघेपर्यंत, मग घरी आल्यावरही. चार दिवस मी घरात हातवारे करून स्वयंपाक केला. पाचव्या दिवशी आई म्हणाल्या, "तुझं मौन फारच कडक झालंय. देवाला काय झालंय, कान दुखतायत का त्याचे?"

मी मान हलवली.

"लुगडं आण. एकवीस वर्षं झाली नेसून, हात बसवायला हवा."

मी कपाटापाशी गेले आणि तिथेच उभी राहिले. आत पाच हँगरांवर माझ्या पाच करड्या पँटी होत्या आणि सहाव्या हँगरावर ही जांभळी. हँगर! लुगडं घडी करून ठेवतात. घराला कुलूप लावून कुठेतरी जावं असं वाटलं, पण आत आई होत्या.

ते नेऊन मी त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर जमिनीवर बसले.

डोळ्यांनी कमी दिसणारी माणसं हाताने वाचतात. त्यांची बोटं काठावरून गेली, कंबरपट्ट्यावर थांबली. एक हूक. दुसरा हूक. मग चेन सापडली. त्यांनी ती खाली ओढली. वर ओढली. परत खाली. त्या शांत खोलीत चेनचा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

"हे काय आहे?"

"चेन."

"लुगड्याला?"

"आई, मी ते कापलं." माझा आवाज मला ओळखू आला नाही, तो चांगला स्वच्छ होता. "मला नेसता येत नव्हतं. तुम्हाला विचारायची लाज वाटली. पँटच्या साच्यावर बेतलं. परत द्यायचंय हे माहीत होतं, तरी कापलं."

त्यांनी चेन सोडली. मग एका पायात हात घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढला आणि आपलीच बोटं बघत बसल्या.

"तेव्हा तू म्हणालीस, लोक बघतात. मी काढलं," त्या म्हणाल्या. "पाचांची पांघरुणं केलीस, मी पांघरली. म्हटलं असू दे, एक तरी घडी शाबूत आहे. नेसू नाही दिलंस, पण आहे. आता लोक बघतात म्हणून तुला हवंसं झालं, तर तेही कापलंस."

क्षमा मागायचा नियम मला पाठ आहे. त्या दिवशी तो कामी आला नाही. मी चढ्या आवाजात बोललेलेच नव्हते. सगळं मऊ आवाजातच केलेलं होतं.

त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. मी दिवा लावला, पण जपाला बसले तर मणी आणि चेन यांचा आवाज सारखाच येऊ लागला. मी माळ ठेवून दिली.

सकाळी मी मौनात चहा नेऊन दिला. त्या उठून बसल्या होत्या, आणि लुगडं, म्हणजे पँट, त्यांच्या उशाशी होती.

"कातरण टाकलंस?"

जप झाला नव्हता. मी बोलले. "नाही. पिशवीत आहे. सगळं."

"मग दंड घाल."

मला कळेना. त्या वैतागल्या. "बेतण्याच्या कामात एवढी वर्षं गेली आणि दंड माहीत नाही? लुगडं मधे फाटलं, विरलं, की तेवढं काढून तुकडा तुकड्याला जोडायचे आणि परत नेसायचे. त्याला दंड घालणं म्हणतात. माझ्या आईची दोन-दोन दंडांची लुगडी होती. उसव ते सगळं. चेन तुझी तुला ठेव."

मी आठ दिवस उसवत होते. चांगली शिवण उसवायला त्रास होतो, आणि मी शिवण फार चांगली घातली होती. पँटचा साचा वळणावळणाचा, त्यामुळे तुकडे सरळ जुळेनात. बसायच्या जागेची गोलाई तर कातरणाच्या सात तुकड्यांनी भरून काढली. काजवाली दुपारच्या सुट्टीत हातशिलाईला बसायची. "हा नकाशा आहे का ताई?" एवढंच एकदा म्हणाली. शेवटी अकरा दंड झाले आणि लांबी नऊ वारांना एक हात कमी भरली.

आईंना सांगितलं. त्यांनी हाताने मोजून बघितलं. "मीपण आखडलेय तेवढी. जमेल."

मग त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माझे हात वर होत नाहीत. तू नेसव. इथे गाठ. घट्ट. मी काही फुटत नाही." मी गुडघ्यांवर बसून निऱ्या घालत होते आणि वरून आवाज येत होता: सारख्या घाल, तुला मापं येतात म्हणे. कासोट्याला टोक दोन्ही काठांनी धर. अगं, खाली काय बघतेस, बोटांनी बघ. तीनदा सोडायला लावलं. चौथ्यांदा कासोटा बसला. त्या वाकल्या, खाली बसल्या, उठल्या. काही सुटलं नाही. खोलीत इकडून तिकडे चालून आल्या, आणि मला दिसलं की एकवीस वर्षांत या बाईला मी पाय उचलून चालताना बघितलंच नव्हतं.

शुक्रवारी नोंदणी कचेरीत बटणच्या मैत्रिणी मला शोधत आल्या. मी करड्या पँटमध्ये होते. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

"काकू! तुम्ही आज नाही नेसलात?"

"मला नेसता येत नाही," मी म्हटलं. "काचेतल्या फोटोत पँट आहे. चेनवाली."

त्या खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, काकू विनोदी आहेत. खरं मोठ्याने बोललं तरी लोक हवं तेच ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मालक हार घेऊन आले होते. ते माझ्याकडे बघतच राहिले, मग आईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "सोमवारी बोलू," म्हणाले. मी हो म्हटलं. फोटो काचेतून काढायला मीच सांगणार होते. त्यांनी नाही काढला तर मी काढणार होते.

सह्या झाल्या. माझ्या लेकीच्या कोटाची पाठ अशी बसली होती की मी रडायचं नाही म्हणून खांद्याच्या शिवणीकडेच बघत राहिले. मग फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं. आई मधोमध, बटणच्या शेजारी. सगळ्यांत वाकडा दंड, तो सात तुकड्यांचा, नेमका पदरात येऊन त्यांच्या खांद्यावर बसला होता. कितीही वेळा नेसवलं तरी तिथेच यायचा.

फोटोवाला अदबीने म्हणाला, "आजी, जरा असं वळता का? तो जोड दिसतोय."

"दिसू दे," आई म्हणाल्या. "सुनेचं काम आहे."

यात कौतुक किती आणि शिक्षा किती, हे मी अजून मोजते आहे. माझ्याकडे टेप असते, पण उपयोग होत नाही. त्या वेळी मी फक्त दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्या निऱ्यांच्या आड माझी पँट झाकली जाईल अशी उभी राहिले.

आईंनी न वळता माझं मनगट धरलं आणि मला पुढे ओढलं.

"तूपण दिस," त्या म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी जप झाला, दिवा लागला. आईंनी लुगडं माझ्यापुढे टाकलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. सकाळी नऊपर्यंत कासोटा पाच वेळा सुटला. मी पँट घालून कामाला गेले. काजवालीने विचारलं, "काय ताई, आज शुक्रवार ना?"

"हो," मी म्हटलं, आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हटलं, "अजून येत नाही मला."